शी, शू आणि हसू

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला, सतरंजी गुंडाळायला घेतली आणि एका ताईनं हळूच विषय काढला. तिचा अडीच वर्षांचा मुलगा चार दिवस शी दाबून बसला होता. नव्या संडासात नेलं की भांड्याकडे बघून रडायचा, अंगणात बसवलं की उठून पळायचा. झालं होतं असं, की एकदा त्याची चड्डीत झाली, तेव्हा घरातल्या मोठ्या पोरांनी 'घाण्या, घाण्या' म्हणत त्याच्याभोवती फेर धरला. घरचे सगळे हसले. तो तेवढा हसला नाही.

सतरंजी पुन्हा अंथरली. त्या दिवशी आम्ही जे बोललो, त्यात बराचसा आपलाच इतिहास होता. तोच आज सांगतो.

आपल्या आज्या पोराला शी-शूचं वळण कसं लावायच्या? जमिनीवर बसायचं, पाय लांब करायचे, दोन पावलांत थोडी जागा ठेवायची आणि बाळाला पायांवर बसवायचं. पायांचीच बैठक. बाळाचं तोंड आपल्याकडे, आपला हात त्याच्या हाताला. मग तोंडानं शूऽऽ असा आवाज. झालं की राख टाकायची, पत्र्याच्या तुकड्यानं उचलायचं आणि उकिरड्यावर न्यायचं. यात वेगळं शिकवणं असं काही नव्हतं. बाळ आईचं तोंड बघत बसायचं आणि आई त्याला हसवत बसायची.

आमच्या गटातल्या एका आजींनी तर खेळच करून दाखवला. आपली भाषा बघा, प्रत्येक जनावराला वेगळा शब्द. शेळी काय टाकते? लेंड्या. घोडा? लीद. चिमणी? शीट. म्हैस? हात पसरून, गाल फुगवून आजी म्हणाल्या, "पोऽऽ!" आणि मग पोराच्या पोटाला बोट लावून, "मग आमचा राजा काय टाकतो?" बैठकीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

खरं सांगायचं तर बी.ए. करताना आम्हाला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. शिकलेल्या देशांत काहीतरी शास्त्रशुद्ध असेल, असं वाटायचं. पण अमेरिकेत 1930 च्या सुमारास आयांना सांगितलं जात होतं, की बाळ काही महिन्यांचं झालं की त्याला घड्याळ लावून रोज ठरल्या वेळी बसवा. म्हणजे बाळाचं पोट घड्याळाप्रमाणे चालावं! पुढे 1962 साली ब्रेझेल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी 1,170 मुलांच्या नोंदी तपासून लिहिलं, की घाई करू नका, मूल तयार झाल्याच्या खुणा दिसू द्या. आणि जपानमध्ये 1977 साली तारो गोमी या चित्रकारानं लहान मुलांसाठी या विषयावर एक चित्रांचं पुस्तकच केलं. हत्तीची शी मोठी, उंदराची बारीक, अशी त्याची सुरुवात. ते जगभर गेलं. आमच्या आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग आमचं काय वेगळं होतं?"

आता मोठ्यांच्या वळणाचं बघू. गाडगेबाबा 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले. गावात आले की आधी हातात खराटा, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारायचे, लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे. माणसं पोट धरून हसायची आणि हसता हसता आपलीच चूक कबूल करायची. बाबांनी घाण आधी स्वतः उचललेली असायची, म्हणून ते हसू कुणाला टोचत नव्हतं.

त्यांच्याच नावानं 2000-01 साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. पण पुढे गावोगाव गुडमॉर्निंग पथकंही आली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला शिट्टी मारून थांबवायचं, हातात गुलाबाचं फूल द्यायचं. बघणारे हसायचे. आमच्यातल्या काहीजणींना ती शिट्टी अजून आठवते. संडास झाले ही चांगलीच गोष्ट झाली, आम्ही स्वतः त्यासाठी फिरलो. पण फुलामागचं ते हसू आणि 'घाण्या' म्हणणाऱ्या पोरांचं हसू एकाच जातीचं, असं आम्हाला वाटतं.

शिवाय हे संडास बांधले ते मोठ्यांच्या मापानं. भांडं रुंद, आत अंधार, खाली भोक. दोन वर्षांच्या पोराला वाटतं, आपण आत पडू. म्हणून आपण त्याला अंगणातच बसवतो आणि म्हणतो, लेकराच्या शीला कसली घाण? ते खरं नाही. लहान मुलाच्या शीतही रोगजंतू असतात, ती संडासातच गेली पाहिजे आणि हात साबणानंच धुतले पाहिजेत.

त्या ताईच्या घरी आम्ही दोघी गेलो. बाळाला आधी दवाखान्यात दाखवलं, पोट मोकळं व्हायला औषध मिळालं. मग संडासाच्या दाराशी दोन विटा ठेवल्या, मधे जुना कागद. दार उघडं, समोर आजी पाय पसरून बसलेल्या. पहिल्या दिवशी नुसता खेळ झाला, शी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मोठ्या पोरांनाही आजींनी खेळात घेतलं. एकाला शेळी केलं, एकाला घोडा. तिसऱ्या दिवशी काम झालं. कागद उचलून भांड्यात टाकायचा मान बाळाला. त्यानं वर पाणी ओतलं, हात हलवून टाटा केला आणि गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "म्हशीचा पोऽऽ!"