धूळपाटीपासून मोबाइलपर्यंत

दर शनिवारी दुपारी आपल्या मंडळाच्या खोलीत पिंप्राळ्यातील व आसपासच्या शाळांतील काही शिक्षिका आपापले मोबाइल घेऊन येतात, आणि आम्ही चार-पाच जणी त्यांच्याजवळ बसून जे जमेल ते दाखवतो. मागील बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासद भगिनींनी सरळ प्रश्न केला, "शिवणवर्ग, भजन, हळदीकुंकू ही मंडळाची कामे झाली. पण शिक्षिका तर शिकलेल्या, पगारदार. त्यांना शिकवण्याचे काम आपण का अंगावर घ्यावे?" प्रश्न रास्त होता. त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा तेच उत्तर सविस्तर लिहावे असे ठरवले. ते देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी पंतोजी धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. फळीवर धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचे, हाताने पुसायचे. पुढे दगडी पाटी आली, छापील पुस्तक आले, खडू-फळा आला. ही साधने आज आपल्याला इतकी साधी वाटतात, की ती कधीकाळी नवी होती व कोणीतरी ती शिक्षकाच्या हाती देऊन शिकवली होती, याचा विसर पडतो. सावित्रीबाई फुले यांचेच उदाहरण घ्या. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आपण सर्व जाणतो. परंतु सावित्रीबाईंना प्रथम जोतीरावांनी घरी शिकवले, आणि पुढे अहमदनगरला फॅरारबाईंकडे व पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात त्यांनी शिकवण्याचे शिक्षण घेतले, ही गोष्ट कमी सांगितली जाते. ज्या माउलीने हजारोंना वाट दाखवली, तिलाही आरंभी कोणीतरी जवळ बसून शिकवले होते. त्यात तिला कमीपणा आला नाही.

आपल्या खानदेशातही असे उदाहरण आहे. साने गुरुजी १९२४ साली अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढीत, आणि १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. त्यांच्यापाशी यंत्र नव्हते, वरून आलेला हुकूमही नव्हता. मुलांपर्यंत काही पोचवायचे होते, म्हणून हाताशी असलेले साधन त्यांनी वापरले. ते कशासाठी हवे, हे त्यांना आधीच ठाऊक होते. पुढील इतिहासात नेमके हेच अनेकदा उलटे झालेले दिसते. साधन आधी आले, आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न शिक्षकाच्या गळ्यात मागाहून पडला.

१ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष आपल्या देशात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा एक मोठा प्रयोग झाला. 'साइट' या नावाने तो ओळखला जातो. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसवले गेले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी त्यातील एक भाग आपल्याला बोधप्रद आहे. सुट्टीच्या दिवसांत हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे शिक्षण याच मार्गाने दिले गेले. मात्र नुसता संच लावून त्यांना त्यापुढे बसवले नाही. दूरचित्रवाणीवरील पाठाच्या जोडीला रेडिओवरील कार्यक्रम, छापील मार्गदर्शिका व हाताने करायचे प्रयोग होते, आणि शंका विचारायला प्रत्येक केंद्रावर एक जाणता माणूसही होता. पडदा कितीही चांगला बोलला, तरी "मला हे समजले नाही" हे ऐकायला माणूसच लागतो, हे त्या योजनाकारांनी ओळखले होते.

नंतर १९८४ साली पुण्यास बालचित्रवाणी ही संस्था निघाली व मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार होऊ लागले. आता ती संस्था बंद झाली आहे. पण त्या कार्यक्रमांची आठवण माझ्या वयाच्या शिक्षिकांना अजून आहे. त्याच सुमारास केंद्र सरकारने 'क्लास' या योजनेखाली पहिल्या टप्प्यात देशातील सुमारे २५० माध्यमिक शाळांत विलायती बनावटीचे संगणक दिले. आमच्यासारख्या प्राथमिक शाळांना ते दूरच होते. आम्ही ऐकून होतो की संगणक म्हणून एक यंत्र असते, ते वातानुकूलित खोलीत ठेवतात, आणि चपला बाहेर काढून आत जावे लागते. म्हणजे देवघराचेच नियम! जिथे चपला काढून जायचे, तिथे हात लावण्याचे धैर्य कोण करणार?

ते धैर्य आम्हाला पुढे सक्तीने करावे लागले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला, आणि सरकारी नोकरीत संगणकाची अर्हता आवश्यक ठरली. मी त्या वेळी पंचेचाळिशी ओलांडलेली होते. ज्या वर्गात मी नाव घातले, तिथला शिकवणारा मुलगा माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा. स्वभावाने वाईट नव्हता, पण उतावळा. माझा हात माउसवर थरथरला की तो म्हणे, "द्या मॅडम, मी करतो," आणि पाहता पाहता काम उरके. मी परीक्षा उत्तीर्ण झाले, प्रमाणपत्रही मिळाले. पण घरी आल्यावर संगणक सुरू करून एक पत्र लिहिण्याची माझी हिंमत नव्हती. मला खरे शिकवले ते शाळेतील एका नव्या शिक्षिकेने. ती स्वतःचे हात मांडीवर ठेवून माझ्याजवळ बसे. मी चुकले तर म्हणे, "काही बिघडत नाही बाई, मागे या, पुन्हा करा." एक पत्र टंकायला मला दीड तास लागला. तेवढा वेळ तिने घड्याळाकडे पाहिले नाही.

मराठी टंकनाचा त्रास तर निराळाच होता. शाळेत मोठ्या कष्टाने प्रश्नपत्रिका टंकावी, आणि दुसऱ्या ठिकाणी उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसावी! अनेक शिक्षिका यात स्वतःचीच चूक समजत. वस्तुतः दोष त्यांचा नव्हता. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर बसवलेली असत. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रात नसला की खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडे. युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला, म्हणून आज एका मोबाइलवर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर जसेच्या तसे दिसते. हे एवढेसे कारण त्या वेळी कोणी समजावून सांगितले असते, तर कितीतरी जणींनी "मला हे जमणारच नाही" असे मनात धरले नसते.

यानंतर वेग वाढला. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर झाला. विद्यार्थ्यांची माहिती 'सरल' प्रणालीत भरणे आले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनीच, 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. शेजारच्या धुळे जिल्ह्यात याच काळात एक उल्लेखनीय चळवळ झाली. मूळचे धुळ्याचे व अमेरिकेत नोकरी करणारे श्री. हर्षल विभांडिक यांनी गावोगाव प्रेरणासभा घेतल्या, काही भार स्वतः उचलला, उरलेला लोकवर्गणीतून उभा केला, आणि जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांतून डिजिटल वर्ग उभे राहिले. ज्या गावाने वर्गणी काढली, त्या गावाला तो संच आपला वाटला, आणि संच धूळ खात पडला तर विचारणारेही गावातच होते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून धडा, कविता व चित्रफीत मुलांच्या हाती दिली; पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते आले. डिसले गुरुजींना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा दहा लाख डॉलरच्या रकमेपैकी निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. एका शिक्षकाचे यश इतर शिक्षकांच्या कष्टाशी बांधलेले असते, हे त्यांनी कृतीने सांगितले.

पण त्याच २०२० सालची माझी स्वतःची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमाखाली रोजची अभ्यासमाला मोबाइलवर येऊ लागली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली. मी तेव्हा निवृत्त झालेली. आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एक शिक्षिका, निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या, संध्याकाळी माझ्याकडे येत. वर्गाचा व्हॉट्सॲप गट करायचा, अभ्यासमालेचा दुवा पाठवायचा, मुलांनी पाठवलेली वहीची छायाचित्रे तपासायची. मी त्यांच्या हातून मोबाइल घेई व म्हणे, "द्या ताई, मी करून देते." पाच मिनिटांत काम होई. त्या आभार मानून जात, आणि मला परोपकाराचे समाधान वाटे. असे दोन महिने चालले.

मग आमच्या घरात आजार शिरला आणि पंधरा दिवस दार बंद झाले. ताई एकदा फाटकापाशी येऊन हातात मोबाइल घेऊन उभ्या राहिल्या व काही न बोलता परत गेल्या. त्या पंधरवड्यात त्यांच्या गटावर एकही धडा गेला नाही. मात्र ज्या घरांत मोबाइलच नव्हता, त्या घरांतील मुलांना त्यांनी तोंडाला पदर बांधून, अंगणात उभे राहून, हाताने लिहिलेले कागद नेऊन दिले. कोणत्या घरात फोन नाही, कोणाचा बाप फोन घेऊन कामावर जातो, कोणत्या मुलीला भावाच्या आधी फोन मिळत नाही, हे त्यांना तोंडपाठ होते. शिक्षिका म्हणून त्या कुठे उणी नव्हत्या. उणीव माझ्या मदतीत होती. संगणकवर्गातील त्या मुलाने माझ्याशी जे केले, तेच मी त्यांच्याशी दोन महिने करीत होते.

बरी झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले आणि हात मांडीवर ठेवून बसले. पहिल्या दिवशी एक दुवा पाठवायला पाऊण तास लागला. आठवड्याने त्यांनी स्वतःच्या आवाजात कविता ध्वनिमुद्रित करून गटावर टाकली. आज शनिवारी आपल्या खोलीत इतरांना शिकवणाऱ्या चार-पाच जणींत त्या आहेत.

म्हणून आमच्या शनिवारच्या वर्गाचे नियम साधे आहेत. मोबाइल जिचा तिच्याच हाती राहील. दाखवणारीने बोटाने खूण करावी, पडद्याला हात लावू नये. पायऱ्या जिने तिने स्वतःच्या वहीत स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. पासवर्ड व ओटीपी दाखवणारीलाही सांगू नये. बँकेचे व पगाराचे काम असेल तर हे विशेष. एका बैठकीत एकच गोष्ट: मराठी बोलून टंकणे, कागदाचे छायाचित्र नीट काढणे, गुणांची यादी तक्त्यात भरणे, किंवा क्यूआर कोडवरून धडा उघडणे. आणि हसायचे झाले तर आधी स्वतःच्या चुकीला हसावे.

आता वडीलधाऱ्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. जवळच्याच आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या चिरंजीव सोपानदेवांनी व एका मावसभावाने कागदावर उतरवल्या, म्हणून १९५१ साली त्या निवर्तल्यावरही गाणी उरली व पुढल्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रयत्नाने पुस्तकरूपाने आली. लिहिणारा हात दुसऱ्याचा होता, पण गाणे बहिणाबाईंचेच राहिले. मदत अशी असावी. शिक्षिकेपाशी शिकवण्याचे ज्ञान आहे, मुलांची माया आहे. अडते ते एका बटणापाशी. तेवढ्यासाठी तिने सायबर कॅफेत पैसे मोजून आपला पासवर्ड परक्याच्या वहीत का लिहून यावा? आणि तिचे अडले की ज्यांचा धडा बुडतो, ती मुले आपल्याच गल्लीतील आहेत.

आषाढी एकादशीला आपल्या पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हा दोर ओढणारे शेकडो असतात. पण चाकाखाली मोगरी लावणारे थोडे असतात, आणि रथ वळणावर नीट वळतो तो त्यांच्यामुळे. शासनाच्या योजनांचा रथ ओढणारे पुष्कळ आहेत. आपल्या मंडळाने चाकापाशी बसण्याचे काम पत्करावे, अशी माझी सर्व भगिनींना नम्र विनंती आहे. ज्यांना थोडेफार येते त्यांनी शनिवारी तीन वाजता अवश्य यावे. ज्यांना काहीच येत नाही त्यांनी तर यावेच.