गॅलिस
गॅलिस म्हणजे विजार खांद्यांवरून तोलून धरणारे पट्टे. त्यांचे आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये ॲल्बर्ट थर्स्टन (स्थापना १८२०) या पेढीने रूढ केले. त्या काळची विजार कमरेच्या बरीच वर बसत असल्याने तिला कमरपट्ट्याचा उपयोग नसे.

विजारीच्या नेफ्याला पुढे चार व मागे दोन गुंड्या लावून त्या पट्ट्यांच्या टोकांवरील चामडी काजांत अडकवतात. धातूच्या चिमट्यांचे गॅलिस चटकन लावता येतात, परंतु ते कापड ओढतात आणि बसता-उठता निसटतात, म्हणून नित्य वापरासाठी गुंड्यांचेच श्रेयस्कर. सुखाचे खरे मर्म मात्र विजारीच्या मापात असते : ती कमरेला दोन-तीन सेंटिमीटर सैल शिवली, तर बसल्यावर पोटाला काच पडत नाही आणि भार खांद्यांवर गेल्याने चुण्या सरळ पडतात. पट्ट्यांची लांबी उभ्याने व बसूनही तपासावी, कारण ते आखूड राहिल्यास खांदे अवघडतात आणि विजार जांघेत ओढली जाते. सोबत कमरपट्टा बांधू नये. त्याने हा सैलपणाच नाहीसा होतो.

महाराष्ट्रात लहान मुलांच्या चड्डीला त्याच कापडाचे गॅलिस शिवण्याची पद्धत होती.