ऑकलंडच्या कुंपणावरची परकी

न्यूझीलंडच्या बागेत प्रार्थना कीटक दिसला, तर तो कोणता हे पूर्वी विचारावं लागत नसे. तिथला एकच: ऑर्थोडेरा नोव्हेझीलँडी, हिरवागार, जेमतेम चार सेंटिमीटरचा. १९७८ साली ऑकलंडमध्ये दुसरा सापडला. मिओमँटिस काफ्रा, मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. बोलताना त्याला स्प्रिंगबॉक म्हणतात. कुंडीला, फांदीला, फळीला चिकटलेली अंड्यांची पेटी माणसाच्या सामानाबरोबर बिनबोभाट गावं बदलते. त्यात या जातीची मादी नराशिवायही उबणारी अंडी घालू शकते. बघता बघता नॉर्थ आयलंडमध्ये तिने बस्तान बसवलं.

दोघांतला फरक रंगावरून ठरवू नये, कारण परका हिरवाही असतो आणि तपकिरीही. पुढच्या पायाची आतली बाजू बघावी: मूळच्याच्या मांडीवर निळा-जांभळा ठिपका असतो, परक्याच्या नसतो. मूळच्याची छाती डोक्याइतकी रुंद, परक्याची मानेसारखी निमुळती. अंड्यांची पेटी तर लांबूनही सांगता येते. मूळच्याची नीटनेटकी, दोन ओळींत घरं मांडलेली; परक्याची फेस वाळून घट्ट झाल्यासारखी फुगीर.

परक्याच्या येण्यानंतर मूळचा कमी दिसू लागला, ते नुसत्या खाण्यापिण्याच्या चढाओढीमुळे नाही. २०१३ मध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की मूळच्या जातीचे नर स्वजातीच्या मादीपेक्षा परकीच्याच गंधाकडे जास्त ओढले जातात. तिथवर पोचलेल्या नराला ती बहुतेकदा खाऊन टाकते. त्याच्या स्वतःच्या जातीत मादी नराला खात नाही, त्यामुळे सावध राहायची त्याला सवयच नाही. स्प्रिंगबॉकचे नर मात्र पुरते जाणून असतात: जपून पुढे सरकतात, प्रसंगी मादीशी झटापट करून तिला आवळून धरतात. पिढ्यान्‌पिढ्या अशा माद्यांबरोबर नांदल्यावर येणारं हे शहाणपण चार दशकांत कुठून येणार?

म्हणून बागेतल्या माणसाच्या हातात राहतो तो हिवाळा. तेव्हा मूळच्या जातीचे प्रौढ कीटक बहुतेक मरून गेलेले असतात आणि तिचं पुढचं वर्ष पेट्यांमध्येच असतं. परक्याच्या पेट्या खुडून टाकाव्यात, पण दोन ओळी नीट बघून. घाईत हात चुकला, तर ज्याला वाचवायचं त्याचंच बियाणं संपतं.