तपकिरी बटूचं वजन

तपकिरी रंगाचं नाव आलं ते नाकात ओढायच्या तपकिरीवरून. आजोबांच्या कोटाच्या खिशातली चपटी डबी, चिमूटभर भुकटी आणि लागोपाठ दोन शिंका. पुण्याच्या पेठांत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आकाशातला ‘तपकिरी बटू’ मात्र नावापुरताच तपकिरी.

सूर्याच्या साधारण ७ टक्क्यांहून हलक्या गोळ्यात हायड्रोजनची भट्टी टिकत नाही, हे गणित शिव कुमार यांनी १९६३ मध्ये मांडलं. त्यांनी नाव दिलं ‘काळा बटू’. ते विझलेल्या श्वेत बटूंनी अडवलेलं, तांबडे बटू आधीपासून होतेच. म्हणून १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी ‘तपकिरी’ सुचवलं. तडजोडच ती.

नाव झालं, वस्तू सापडेना. १९९५ मध्ये कृत्तिकांत ‘टायडे १’ मिळाला. आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि नाकाजिमा, ओपनहायमर वगैरे सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ग्लीझ २२९ ताऱ्याशेजारचा मंद ठिपका जाहीर केला. त्याच्या वर्णपटात मिथेन होता. ताऱ्याच्या धगीत मिथेन तगत नाही, त्यामुळे वादच मिटला.

उरलं वजन. बटू जन्मभर निवत जातो, चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा. त्यामुळे तरुण हलका आणि म्हातारा जड, दोघे सारखेच मंद दिसू शकतात. तेजावरून वजन काढायचं तर वय धरा आणि सिद्धान्तावर विसंबा. ग्लीझच्या ठिपक्याचा १९९५ मधला तसा अंदाज होता गुरूच्या २० ते ५० पट. पण ज्या सिद्धान्ताची परीक्षा घ्यायची, त्यालाच पेपर तपासायला देऊन कसं चालेल? खरा काटा कक्षेचा: बटू आपल्या ताऱ्याला किती डोलवतो ते मोजायचं. हिप्पार्कोस आणि गाया या उपग्रहांच्या नोंदींत जवळपास पंचवीस वर्षांचं अंतर. त्यांच्या आधारे २०२१ मध्ये आकडा आला ७१ पट! एवढा जड गोळा इतका मंद असूच नये.

काटा बरोबर होता, सिद्धान्तही. पारड्यात गोण्या दोन होत्या. २०२४ मध्ये उलगडलं, की तो ठिपका म्हणजे १२ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारी जोडी आहे, गुरूच्या सुमारे ३८ आणि ३४ पट. प्रत्येकापुरता १९९५ चा अंदाज बरोबरच निघाला.

ग्लीझ २२९ आहे मृगाच्या पायाशी, शशकात. थंडीत सिंहगडावरून द्विनेत्रीत मुख्य तारा सापडेल. जोडी नाही दिसायची.