हेलोचं वजन आणि दीर्घिकेचा रंग

कृष्णद्रव्याचा हेलो दिसत नाही. मग त्याचं वजन करायचं कसं? १९३३ मध्ये झ्विकींनी कोमा समूहातल्या दीर्घिकांच्या वेगांवरून अदृश्य द्रव्य ताडलं. पण एकेका दीर्घिकेभोवती उपदीर्घिका मोजक्याच, सरासरी काढणार कशाची? म्हणून प्रा. मोरे (सध्या पुण्याच्या आयुकात) आणि सहकाऱ्यांनी स्लोन सर्वेक्षणातल्या सारख्या दीर्घिकांच्या उपदीर्घिका एकत्र करून वेगांचा पसारा काढला. २०११ च्या निबंधात दिसलं, की तेजस्विता सारखी असेल तर तांबड्या दीर्घिकांचे हेलो निळ्यांपेक्षा जड. खरी गंमत पुढे आहे. ताऱ्यांचं वस्तुमान सारखं धरलं, की हा फरक बराचसा विरतो, फक्त जड दीर्घिकांत थोडा उरतो. कारण तेवढ्याच उजेडाला तांबडी दीर्घिका मुळातच जास्त जड असते.