माणदेशातले नायक

ऑगस्ट 1962 मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांचा स्पायडरमॅन अमेरिकेत छापून आला. मुखवट्याआडचा पीटर पार्कर शाळकरी, पैशांच्या चणचणीत काकीला सांभाळणारा. दोन वर्षांनी, 1964 मध्ये, इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले आणि मराठी मुलांना त्यातला नायक ‘वेताळ’ भेटला. वेताळाला मात्र घरभाड्याची काळजी कधीच नव्हती.

अडचणीतला नायक माणदेशातल्या आटपाडीच्या परिसराला त्याआधीच ठाऊक होता. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसे’ आली 1949 साली, ‘बनगरवाडी’ 1955 साली. बनगरवाडीचा नायक म्हणजे औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमलेला कोवळा मास्तर. त्याच्याकडे कसलीही अद्भुत शक्ती नाही. तो मुलं गोळा करतो, लोकांचे कागद लिहून देतो, वाडीकडून तालीम बांधून घेतो. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात. ज्या गावासाठी तो झटला, तेच गाव त्याच्या डोळ्यांदेखत रिकामं होतं. चित्रकथांतल्या कुठल्याही खलनायकापेक्षा हा पाऊस न पडणं अधिक भयंकर वाटतं.

आटपाडीत 1921 साली जन्मलेल्या शंकरराव खरातांनी तर नायक कल्पनेतून आणलाच नाही. ‘तराळ-अंतराळ’ या त्यांच्या आत्मकथनात गावकीची तराळकी करणारं महार कुटुंब आहे, भूक आहे, अपमान आहे आणि त्यातून शिकत गेलेला मुलगा आहे. तोच मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, 1984 साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्षही.