उसाचा रस आणि वळणारा प्रकाश

परभणीच्या गोदाकाठच्या उसाचा भाव साखरउताऱ्याशी जोडलेला असतो. पण कारखान्यात रसातली साखर मोजतात ती प्रकाशाने! फ्रान्सच्या बियो यांना १८१५ साली आढळले, की साखरेचे पाणी ध्रुवित प्रकाशाला वळण देते. चिंचेतल्या अम्लाचा एक भाऊबंद मात्र प्रकाश मुळीच वळवीत नसे. असे का? १८४८ साली पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरने त्याच्या क्षाराचे स्फटिक निवडले. डाव्या-उजव्या हातांसारखे दोन ढीग झाले. एक प्रकाश डावीकडे वळवी, दुसरा उजवीकडे. एकत्र असता दोघांची फिटंफाट! वृद्ध बियोंना पटेना. त्यांनी आपल्यासमोर प्रयोग करवून घेतला आणि मगच मान डोलावली. आज मापात उसाचा रस प्रकाश उजवीकडे वळवतो, तेव्हा शेतकऱ्याच्या घामाचा हिशेब होत असतो.